दाबोळीची धावपट्टी आणि उज्जैन

माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांच्या जुन्या कागदांत घोडी पुष्कळ सापडतात, नर्मदेचे उतार सापडतात, चौथाईचे हिशेब तर पानोपानी सापडतात. समुद्र मात्र क्वचितच भेटतो. शिंदे, होळकर, पवार यांच्या फौजा उत्तरेकडे चढत आल्या त्या समुद्राकडे पाठ करून. दर्या हा आंग्र्यांचा प्रांत, आणि त्या आंग्र्यांचीही एक शाखा पुढे ग्वाल्हेर दरबारात येऊन सरदार झाली व खाऱ्या पाण्याला पारखी झाली. तेव्हा उज्जैनच्या मंडळींनी नौदलाच्या विमानांचे संग्रहालय पाहण्यास गोव्यात जावे आणि त्यावर या पत्रिकेत लिहावे, हे वाचकांना काहीसे विजोड वाटेल. आम्हांसही निघताना तसेच वाटत होते. दर्शन मंगेशीचे घ्यावयाचे होते. संग्रहालय हा वाटेवरचा कार्यक्रम होता.

मंगेशीचे आणि आपल्या गावाचे नाते मात्र वाटेवरचे नव्हे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, हे येथे कोणास सांगावयास नको. त्यांच्या नावापुढील ‘मल्हार’ हे वडिलांचे नाव व ‘शेणवी’ हे ज्ञातिनाम घेऊन तेच गृहस्थ गोव्याच्या इतिहासात निराळ्या जागी भेटतात. १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव श्रीमंगेशाच्या देवस्थानास इनाम दिला, तो या रामचंद्र मल्हार सुखठणकरांच्या शब्दावरून. मंगेश हे त्यांचे आराध्य. मूळचे देवस्थान साष्टीतील कुशस्थळीचे, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचे. पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळे १५६० साली ते झुवारी ओलांडून प्रियोळास हलविण्यात आले. तो भाग तेव्हा त्यांच्या अंमलाबाहेर होता. स्वतःच्या दैवताचे देऊळ परागंदा झालेले ज्या कुळांनी पाहिले, त्यांतील एकाने दोनशे वर्षांनी क्षिप्रेच्या काठी दुसरे मोडलेले देऊळ बांधून काढावे, यात आम्हांस योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. पण कागदाचा आधार नसताना त्यावर फार बोलू नये हे बरे.

असो. आम्ही सात जण पुण्यावरून बेळगावास उतरलो. ज्यांच्याकडे मुक्काम होता त्यांनी संध्याकाळी बागलकोट रस्त्याने सांबऱ्यापर्यंत नेऊन आणले. सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधला. महायुद्धाच्या त्या वर्षात जपान ब्रह्मदेशात शिरला होता, रंगून पडले होते आणि पूर्वेकडील आघाडीस माणसे व विमाने पुरविण्यासाठी हिंदुस्थानभर, जेथे सपाट जमीन व रेल्वे सापडेल तेथे, धावपट्ट्या घालण्याचा सपाटा सुरू झाला होता. सांबरे हे त्यांपैकी प्रशिक्षणाचे ठाणे. आघाडीपासून दूर, हवा समशीतोष्ण, जवळ छावणीचे जुने गाव. शिकाऊ मुलांसाठी याहून सोयीची जागा कोणती? आजही तेथे हवाई दलाच्या सैनिकांना प्राथमिक शिक्षण दिले जाते, आणि त्याच धावपट्टीवर मुंबई-बंगळूरची प्रवासी विमाने उतरतात. आम्हांस रस्त्यावरून दिसले ते कुंपण, निलगिरीची झाडे आणि कवायतीवरून परतणाऱ्या मुलांची एक रांग. अशा बहुतेक तळांची गोष्ट हीच आहे. युद्ध संपते, तंबू उठतात, पट्टी राहते. आणि पुढची पिढी त्या पट्टीला ‘विमानतळ’ म्हणून ओळखते, तो कशासाठी झाला हे न विचारता. आपल्या दताण्याच्या हवाईपट्टीवरून जाताना आपण तरी काय विचारतो?

सांबऱ्याचे नाव पुढे या लेखात पुन्हा यावयाचे आहे, म्हणून ते येथे नोंदवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी चोर्ला घाटाने उतरून मंगेशीचे दर्शन झाले. नंतर पणजीवरून झुवारीचा नवा पूल ओलांडून कुठ्ठाळी, आणि तेथून वास्कोच्या बाजूस दाबोळी. मंगेशाच्या मूळ गावापासून आजचा विमानतळ थोड्याच अंतरावर आहे. विमानतळाच्या मागील अंगास, बोगमाळो किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. ते १९९८ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. संग्रहालय लहान आहे. एक दुमजली इमारत आणि तिच्याभोवतीचे अंगण. पण अंगणात विमाने उभी आहेत, चित्रे नव्हेत, प्रतिकृती नव्हेत. ज्यांत माणसे बसली आणि उडाली ती विमाने. माडांच्या सावलीत ती अशी ओळीने उभी पाहून आमच्यातील एका वृद्ध भगिनींनी म्हटले, “पेन्शनर मंडळी बागेत बसल्यासारखी दिसतात.” याहून नेमके वर्णन आम्हांस सुचलेले नाही.

सर्वांत लहान दिसणारे आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे विमान म्हणजे एच. टी. २. दोन माणसांचे, एकामागे एक बसण्याचे, पुढे एक पंखा, १५५ अश्वशक्तीचे इंजिन. स्वतंत्र भारतात आरेखन होऊन भारतातच तयार झालेले हे पहिले शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरास प्रथम उडाले. त्याचे आरेखन करणारे डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील, गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे. ज्या बेळगावहून आम्ही आदल्या दिवशी निघालो तेथून ते गाव फार दूर नाही. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली. विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचा अगदी पृष्ठभागालगतचा पातळ थर कसा वागतो, हे ज्यांनी जगाला प्रथम समजावून दिले ते हे प्रांटल. त्यांचा शिष्य मायदेशी परत येतो आणि आपल्या मुलांना उडावयास शिकविण्यासाठी एक साधे, चुका सहन करणारे विमान घडवितो. शिकाऊ विमानाचा खरा गुण हाच असतो. लढाऊ विमानाने वेगवान असावे. शिकाऊ विमानाने क्षमाशील असावे. पोराने नाक जास्त उचलले, वेग घालविला, तरी त्याला सावरून घेण्यास वेळ द्यावा. घाटग्यांचेच पुढचे अपत्य ‘किरण’ हे जेट विमान १९६४ साली उडाले, आणि हवाई दल व नौदल या दोघांच्याही वैमानिकांच्या कित्येक पिढ्या त्यावर तयार झाल्या. ज्या बंगळूरच्या कारखान्यात हे घडले तो कारखानाही महायुद्धाचे अपत्य; सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० च्या डिसेंबरात त्याची स्थापना केली. मराठी मुलखाने विमानविद्येला काय दिले असे विचारल्यास आपले लोक चौपाटीवरच्या १८९५ च्या कथित उड्डाणाची कथा हौसेने सांगतात. घाटग्यांचे नाव त्यांतील किती जणांना ठाऊक असते याची आम्हांस शंका आहे. कथेपेक्षा हे लहानसे विमान बरे; त्यावर हात ठेवता येतो.

त्याच्या शेजारच्या मंडळींत शॉर्ट सीलँड हे पाण्यावर उतरणारे विमान आहे. आपल्या नौदलाने १९५३ साली हवेत पहिले पाऊल टाकले ते या जातीच्या विमानांवर. त्याच वर्षी ११ मे रोजी कोचीनला ‘गरुड’ हा नौदलाचा पहिला हवाई तळ सुरू झाला. सीलँड जगात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यांतील एक येथे, खाऱ्या वाऱ्यात, उघड्यावर उभे आहे. पावसाळ्याचे चार महिने आणि वर्षभराचा समुद्री वारा ॲल्युमिनियमला काय करतो हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांस सांगावे लागत नाही. रंग वेळोवेळी दिला जातो, हे दिसते. छप्पर असते तर अधिक बरे झाले असते, इतकेच म्हणतो. पुढे फायरफ्लाय आहे. त्याचे काम काहीसे करुण होते. मागे लांब दोरीला कापडी नळकांडे बांधून ओढीत न्यावयाचे आणि खालच्या जहाजांवरील तोफखान्याने त्या नळकांड्यावर नेम धरावयाचा. दोरी लांब असे, हे खरे. पण ओढणाऱ्या वैमानिकाचा आपल्याच गोलंदाजांवर किती विश्वास असावा लागत असेल! नंतर व्हँपायर, शेजारी-शेजारी दोन आसनांचे जेट. त्यात गुरू व शिष्य खांद्याला खांदा लावून बसत.

हे सर्व शिक्षण कशासाठी, ते सी हॉक या विमानापाशी उभे राहिल्यावर कळते. सी हॉकचे पंख मध्यावर मोडून वर घेता येतात, आणि पोटाखाली शेपटाकडे एक पोलादी आकडा आहे. हा आकडा म्हणजे नौदलाच्या वैमानिकाचे नशीब. विमानवाहू नौकेचा तक्ता सातशे फुटांचा. त्यातला उतरण्यासाठी मोकळा असतो तो एक तुकडा. तो समुद्राबरोबर वर-खाली होत असतो, पुढेही जात असतो, आणि त्यावर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने उतरावयाचे. तक्त्यावर आडव्या तारा ताणलेल्या असतात. आकडा त्यांपैकी एकीत अडकला की तार लांबत जाते, तिच्या टोकाची यंत्रे ताण सोशीत जातात आणि विमान दोन-तीन सेकंदांत थांबते. गंमत अशी की चाके तक्त्याला टेकताच वैमानिक इंजिनाचा जोर कमी करीत नाही, उलट पूर्ण वाढवितो. कारण आकडा चुकला तर थांबण्यास जागा नाही, पुन्हा उडावेच लागते. जमिनीवर उतरताना माणसाचे शरीर जे आपोआप करते, त्याच्या नेमके उलट येथे करावयाचे असते. ते शरीराला शिकविण्यासाठी जमिनीवरच्या धावपट्टीवर नौकेच्या तक्त्याएवढी आकृती रंगवून, शेजारी आरसा व दिवे मांडून, त्यावर शेकडो वेळा टेकण्याचा सराव केला जातो. दाबोळीच्या पट्टीने हे काम अनेक वर्षे केले. म्हणजे ज्या फरशीवर आज मुंबई-दिल्लीचे प्रवासी आपापल्या पिशव्या वरच्या फळीतून काढण्याची घाई करतात, तीच एक शाळा होती आणि आहे. अलीकडे तेथे उतारवजा उंचवटा व अडविणाऱ्या तारा असलेला स्वतंत्र सराव-तक्ताच बांधला आहे. भारतीय बनावटीचे ‘तेजस’चे नौदलासाठीचे रूप २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तेथे प्रथम तारेला अडकून थांबले, आणि २०२० च्या ११ जानेवारीस ‘विक्रमादित्य’च्या तक्त्यावर उतरले. त्या दिवशी ते उतरविणारे कमोडोर जयदीप मावळणकर. घाटग्यांच्या चिमुकल्या विमानापासून येथवर सत्तर वर्षे होतात, आणि ती सारी एका अंगणात व त्याच्या कुंपणापलीकडे मावतात.

इमारतीच्या आत पहिल्या ‘विक्रांत’ची प्रतिकृती आहे, वैमानिकांचे पोशाख, हवाई छत्र्या, पाणतीर, जुनी छायाचित्रे आहेत. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये ती नौका नौदलात दाखल झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिले जेट उतरविले. पुढे ते नौदलप्रमुख झाले. १९७१ च्या ४ डिसेंबरला तिच्यावरूनच सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि अखेर २०१४ साली भंगारात विकली गेली. २०२२ साली त्याच नावाची नवी नौका आली हे समाधानाचे आहे. पण जुनीचा तक्ता आता कोणास पाहता येणार नाही. ज्या चाकांनी त्या तक्त्याला स्पर्श केला, ती चाके मात्र बाहेर अंगणात आहेत. लहान संग्रहालयाचे महत्त्व आम्हांस त्या वेळी पटले.

अंगणात आलिझे हेही एक विमान आहे, पाणबुड्या शोधणारे, फ्रेंच बनावटीचे, तीन माणसांचे, संथ. १० डिसेंबर १९७१ रोजी, ‘खुकरी’ बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, अरबी समुद्रावर शोध घेत असता एक आलिझे पाकिस्तानी जेट विमानाने पाडले. तिघेही गेले. समुद्रावर पडलेल्याची समाधी नसते. आमच्यातील दोघे निवृत्त शिक्षक त्या विमानापाशी बराच वेळ उभे होते. शाळेच्या सहलीची मुले मात्र पुढे हेलिकॉप्टरकडे धावली.

आता ज्या विमानापाशी आम्हांस सर्वांत अधिक थांबावे लागले त्याविषयी. ते या अंगणातील सर्वांत मोठे, चार पंख्यांचे, तीन शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाने १९५४ साली ही जात घेतली. तीवर बसून आपले लोक प्रथमच मोठ्या संख्येने लंडनला गेले. प्रवासी जेट आल्यावर ही विमाने हवाई दलाकडे गेली, १९७६ मध्ये नौदलाकडे आली आणि समुद्रावर टेहळणी करीत म्हातारी झाली. ते विमान सुंदर आहे. माशाच्या पाठीसारखी त्याची वळणदार काया पाहून आजची विमाने नळकांडी वाटू लागतात. पण याच जातीचे एक दुसरे विमान याच धावपट्टीवरून एका रात्री ज्या रीतीने उडाले, ती हकिकत सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

संग्रहालय नौदलाचे आहे आणि ते नौदलाची गोष्ट सांगते, ते योग्यच. परंतु धावपट्टीची गोष्ट नौदल येण्यापूर्वीची आहे. १९५४ च्या उन्हाळ्यानंतर दादरा व नगर-हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. गोव्याचे जमिनीवरचे मार्ग भारत केव्हाही बंद करू शकतो, हे लिस्बनला कळून चुकले. उत्तर म्हणून मुरगावच्या पठारावर दाबोळीस विमानतळ बांधण्यात आला आणि १९५५ मध्ये तो वापरात आला; तत्कालीन गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचे नाव त्यास देण्यात आले. त्याच वर्षी पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतःची विमान कंपनी निघाली. तिची विमाने दमण, दीव, कराची, इतकेच नव्हे तर मोझांबिकपर्यंत जात. पुढे रेल्वे बंद झाली, टपाल अडले, भारतातून येणारा माल थांबला, आणि गोव्यात तांदूळ, बटाटे, सिमेंट देशोदेशींहून येऊ लागले. दाबोळी ही त्या सर्व आडमुठेपणाची नाकपुडी होती. ती उघडी होती तोवर सालाझारचा श्वास चालू होता.

आणि १९५५ हे वर्ष उज्जैनला विसरता येत नाही. त्या वर्षी १८ मेपासून सेनापती बापट, नानासाहेब गोरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या तुकड्या गोव्यात शिरू लागल्या होत्या. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही चहूकडून सीमा ओलांडून आत गेले. आपल्या मध्यभारतातील तुकडी पत्रादेवीच्या नाक्यावरून गेली. तिच्यात महाकाळच्या पुजारी घराण्यातील राजाभाऊ महाकाळ होते. संघाचे प्रचारक असलेले राजाभाऊ तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या पाठोपाठ तिरंगा उचलणाऱ्या सागरकडच्या सहोद्राबाई राय यांनाही गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेवर निवडून गेल्या. त्या एका दिवशी वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. राजाभाऊंचे नाव आपण आपल्या गावच्या बसस्थानकावर वाचतो. ज्या देवळाची सेवा त्यांच्या घराण्याकडे होती ते देऊळ गोमंतकाच्या मंगेशाचा भक्त असलेल्या दिवाणाने उभे केले होते, ही गोष्ट ते नाव वाचताना सहसा मनात येत नाही. आमच्या मनात ती प्रथम आली ती मंगेशीच्या दीपमाळेपाशी.

मुक्तीस आणखी सहा वर्षे लागली. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर सुमारे ६३ हजार पौंड वजनाचे बाँब टाकले. नंतर आणखी आठांची फेरी झाली. विमानतळाच्या इमारतीस धक्का लागू नये अशी आज्ञा होती आणि ती पाळली गेली. पट्टीवर दोन प्रवासी विमाने उभी होती, त्यांनाही वगळण्यात आले. सहा हंटर विमाने बांबोळीच्या बिनतारी केंद्राकडे गेली आणि अग्निबाणांनी ते बंद पाडले. ती हंटर विमाने सांबऱ्याहून उडाली होती. १९४२ साली जपानशी लढण्याकरिता शिकाऊ मुलांसाठी घातलेली पट्टी एकोणीस वर्षांनी या कामी आली. ती घालणाऱ्या ब्रिटिशांच्या स्वप्नातही हे आले नसेल, कारण पोर्तुगाल हा त्यांचा जुन्यातला जुना दोस्त. ज्या बांबोळीवर अग्निबाण पडले तेथे आज गोव्याचे मोठे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे.

त्या रात्री मात्र दाबोळीस एक विलक्षण प्रकार घडला. खड्डे घाईघाईने बुजवून पट्टीचा सुमारे सातशे मीटरांचा तुकडा कसाबसा वापरण्याजोगा करण्यात आला. वगळलेल्या दोन विमानांपैकी एक सुपर कॉन्स्टेलेशन होते. त्याचे वजन कमी करण्यासाठी आतील खुर्च्या उपटून फेकून देण्यात आल्या. अंधारात ते त्या तुकड्यावरून धावले, उडालेल्या दगडांनी त्याच्या पोटास भोके पडली, तरी ते उडाले आणि कराचीस पोहोचले. मागोमाग दुसरे विमानही गेले. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला संध्याकाळी, गव्हर्नर जनरल व्हासालु ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढावे अशी आज्ञा लिस्बनहून आली असताही त्यांनी ती मानली नाही, आणि त्यामुळे दोन्हींकडचे पुष्कळ जीव वाचले. मायदेशी या गृहस्थांच्या वाट्यास त्याबद्दल बडतर्फी आली. भारताचे बावीस जवान या मोहिमेत कामी आले. १९६२ च्या एप्रिलमध्ये विमानतळ नौदलाच्या ताब्यात गेला. कोइमतूरजवळच्या सुलूर येथे, जो महायुद्धात ब्रिटिश नौदलाचा हवाई तळ होता, सुरू झालेला ‘हंस’ हा तळ १९६४ मध्ये येथे आणण्यात आला. तेथून पुढची गोष्ट संग्रहालय सांगते.

वाचकांपैकी जे गोव्यास जातील त्यांनी अर्धा दिवस काढून हे अंगण अवश्य पाहावे. सोमवारी बंद असते. सकाळी जावे, दुपारी धातू तापतो आणि मुलांचे हात पोळतात. सुपर कॉन्स्टेलेशनच्या पोटाखाली उभे राहून पलीकडच्या पट्टीवरून उडणारे विमान पाहावे. ज्यांची कुलदैवते गोव्यात आहेत, अशी शिंदेशाहीतील शेणवी सरदारांच्या वंशातील घरे आपल्याकडे अजून आहेत. त्यांना तर हे सहज जमण्यासारखे आहे.

परतताना आम्ही म्हापशावरून पत्रादेवीस थांबलो. तेथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. महामार्ग रुंद झाला आहे, मोटारी वेगाने जातात, आणि राज्याची सीमा ओलांडल्याचे मोबाइलखेरीज कोणी सांगत नाही. २०२३ च्या जानेवारीपासून जवळच मोप्याच्या पठारावर गोव्याचा दुसरा विमानतळ चालू झाला आहे, त्यामुळे उतरणारी विमाने येथून खाली आलेली दिसतात. आम्ही उज्जैनहून नेलेले महाकाळचे भस्म तेथे ठेवले आणि सावंतवाडीकडे निघालो.

मोटारीत एक बोलणे निघाले ते येथे नमूद करणे आवश्यक वाटते. १९५५ साली जो विशीत होता तो आज नव्वदी गाठून आहे. राजाभाऊंबरोबर उज्जैन, देवास, इंदूर, ग्वाल्हेर येथून जे गेले त्यांच्यापैकी फार थोडे आता हयात असतील, आणि त्यांनी घरी पाठविलेली पत्रे, काढलेली छायाचित्रे, सुटकेनंतरची वर्तमानपत्रांची कात्रणे ही कोणाच्या तरी माडीवर, पत्र्याच्या पेटीत असणार. दिवाळीच्या साफसफाईत अशा पेट्या रिकाम्या होतात. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते टाकून न देता मंडळाच्या ग्रंथालयात दाखविण्यास आणावे. प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत केला जाईल. कागदामागे नाव, गाव आणि साल पेन्सिलीने लिहून आणल्यास काम सोपे होईल.